त्वेरला निघायच्या आधी: एका जुन्नरकराची तयारीची यादी

त्वेरला जायची पहिली तयारी रशियात नाही, आपल्याकडेच करायची, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाणारी गाडी या शहरावरूनच जाते पण आपले लोक उतरत नाहीत, टूरवाल्यांच्या यादीत ते नसतंच. मी जुन्नरचा, आणि जुन्नरच्या माणसाने तिथे उतरलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण साडेपाचशे वर्षांपूर्वी त्या गावचा एक व्यापारी आपल्या गावात ऐन पावसाळ्यात येऊन अडकला होता. अफनासी निकितिन त्याचं नाव. तेव्हा यादीतलं पहिलं काम, त्याचं ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे टिपण वाचा, इंग्रजी भाषांतर सहज मिळतं, एका संध्याकाळी संपतं.

त्यात काय आहे ते थोडं सांगतो म्हणजे वाचावंसं वाटेल. हा माणूस व्होल्गातून माल घेऊन खाली निघाला, आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं, सोबतचे काही घरी परतले आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले असं तो लिहितो. हा स्वतः दर्बेंत, बाकू, इराण करत होर्मुझला पोचला आणि तिथून एक घोडा घेऊन जहाजाने आपल्या चौलला. चौलचे लोक उघडे हिंडतात, केसांची एकच वेणी घालतात आणि मी जाईन तिकडे मागे घोळका येतो, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं, हे त्याने लिहून ठेवलंय. मग जुन्नर. घोडा इथवर आणायला त्याला शंभर रुबल पडले होते, तो इथल्या असदखानाने काढून घेतला आणि म्हणाला मुसलमान हो, घोडा परत देतो वर हजार मोहरा देतो, नाहीतर दोन्ही घेतो. चार दिवसांची मुदत होती, शेवटी खुरासानचा एक महंमद नावाचा माणूस मध्ये पडला म्हणून हा सुटला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथे घोड्यांना साखर-तूप घालून खिचडी शिजवून घालतात असं त्याने लिहिलंय, आणि शब्द पण खिचडीचाच, रशियन कानाला ऐकू आला तसा.

हे वाचून झालं की एक रविवार काढून रेवदंडा-चौल करा. रेवदंड्यात २००२ साली उभारलेला त्याचा स्मृतिस्तंभ आहे. जमलं तर शिवनेरी पण चढा. जुन्नरचं त्याने केलेलं वर्णन म्हणजे दगडी डोंगरावरचं गाव, कोणी बांधलेलं नाही देवानेच केलेलं, वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. त्या पायऱ्यांवर हे आठवून उभे राहा, मग त्वेरच्या घाटावर उभं राहायला अर्थ येतो. फोटो काढून प्रिंट करून ठेवा, पुढे लागतील.

आता कागदपत्रं. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, किती दिवस राहता येतं हे नियम बदलत असतात म्हणून अर्जाच्या वेळी अधिकृत साइटवरच वाचा, कोणाच्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका. पोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंदणी व्हावी लागते, हॉटेल असेल तर ते करतात, पण फ्लॅट किंवा कोणाच्या घरी राहणार असाल तर आधीच लेखी विचारून घ्या. मी पहिल्या वेळी भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरलो आणि मालकाने आज करतो उद्या करतो करत कागद केलाच नाही, दोन दिवस त्या काळजीत गेले, शहर बघायचं मन लागलं नाही. पैशाचं तर नीट लक्षात घ्या, आपली व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डं तिथे २०२२ पासून चालत नाहीत, म्हणून डॉलर किंवा युरो, स्वच्छ न दुमडलेल्या नोटा, आणि बँकेत रुबल करून घ्यायचे. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, भाषांतराचं अ‍ॅप पण. रशियन लिपीची ३३ अक्षरं आठवडाभरात येतात, ती शिकूनच जा, त्यांचा ‘व’ इंग्रजी बी सारखा दिसतो आणि ‘र’ इंग्रजी पी सारखा, एवढं कळलं तरी स्टेशनवरची पाटी वाचता येते आणि पाटी वाचता आली की अर्धी भीती जाते.

मॉस्कोच्या लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून लास्तोच्का नावाच्या गाड्या आहेत, दीड-दोन तासात पोचवतात. जून ते सप्टेंबर बरा, एप्रिलमध्ये बर्फ वितळून नुसता चिखल असतो, आणि थंडीत व्होल्गा गोठलेली बघायची असेल तर चांगले बूट इथून नेऊ नका, तिथेच घ्या.

शहरात शिरण्याआधी घरी बसून नकाशाकडे दहा मिनिटं बघा. व्होल्गा मधून जाते, त्वेर्त्सा आणि त्माका अशा दोन नद्या तिला इथेच मिळतात. एका चौकातून तीन रस्ते पंख्यासारखे फुटलेले दिसतील. १७६३ मध्ये मोठी आग लागून शहराचा मधला भाग जळाला आणि महाराणी कॅथरीन दुसरीने ते आखून नव्याने बांधून घेतलं, ते रस्ते तेव्हाचे. पीटर्सबर्ग ते मॉस्को प्रवासात राजघराण्याला मुक्काम करायला तेव्हाच इथे एक राजवाडा बांधला, पुतेवोय द्वारेत्स, म्हणजे वाटेवरचा वाडा. आता त्यात प्रांताची चित्रदालनं आहेत, निदान तीन तास ठेवा, आणि सुट्टीचा वार आधी बघून घ्या कारण बंद दारावरून परत फिरायची पाळी येऊ नये. वेनेत्सियानोव्ह, लेवितान, सेरोव्ह हे तिन्ही चित्रकार या प्रांतात राहून किंवा येऊन काम करत होते, त्यामुळे आत बघितलेली शेतं आणि बर्चची झाडं बाहेर गाडीतून परत दिसतात.

या वाड्याबद्दल एक गोष्ट पाठ करून जा. इतिहासकार करमझिनने १८११ मध्ये इथेच झार अलेक्झांडर पहिल्याला आपला रशियाचा इतिहास वाचून दाखवला. आणि निकितिनचं टिपण मठाच्या ग्रंथालयातून शोधून जगापुढे आणणारा माणूस पण हाच करमझिन. म्हणजे त्वेरच्या व्यापाऱ्याला ज्याने शोधलं तो त्वेरच्याच वाड्यात बसून इतिहास वाचत होता! मी त्या दालनात हे आठवून बराच वेळ उभा होतो.

राजांचा इतिहास थोडक्यात पण नक्की वाचा, नाहीतर चौकातल्या पुतळ्यातला घोडेस्वार कोण ते कळणार नाही. तो मिखाईल यारोस्लाविच, त्वेरचा राजा, १३१८ मध्ये मंगोलांच्या छावणीत मारला गेला, नंतर संत झाला. १३२७ मध्ये त्वेरचे लोक खानाच्या माणसांविरुद्ध उठले आणि ते दडपायला मंगोल फौजेसोबत मॉस्कोचा राजा आला होता. निकितिन निघाला तेव्हा त्वेर स्वतंत्र राज्य होतं, १४८५ मध्ये मॉस्कोने ते घेतलं. या शहराला आपण राजधानी होता होता राहिलो ही जाणीव अजून आहे, गाइडच्या बोलण्यात ती येतेच. जवळच पांढरं कॅथेड्रल दिसेल, तेराव्या शतकापासून त्या जागी देऊळ होतं, १९३५ मध्ये सुरुंग लावून पाडलं, आत्ताचं अलीकडे परत बांधलेलं आहे. खरोखर जुनं दगडी बांधकाम बघायचं तर त्माकापलीकडे जा, व्हाइट ट्रिनिटी चर्च, १५६४ चं.

लेखकांची घरं-पुतळे एका दुपारीत होतात. साल्तिकोव्ह-श्चेद्रिन इथे १८६० ते ६२ उपराज्यपाल होता, त्याचं म्युझियम आहे. दोस्तोयेव्हस्की सैबेरियातून सुटल्यावर १८५९ मध्ये काही महिने इथे राहिला, कारण राजधानीत यायची परवानगी मिळाली नव्हती. क्रिलोव्ह, प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारा, त्याचं लहानपण इथलं. विमानं बनवणारा तुपोलेव्ह पण याच प्रांतात जन्मला आणि त्वेरच्या शाळेत शिकला, आपल्या नौदलाची तु-१४२ विमानं आधी गोव्यात होती ती त्याच्याच नावाच्या संस्थेने आखलेली.

जुनी सोव्हिएत पुस्तकं घरात असतील तर त्यात त्वेर सापडणार नाही, कालिनिन शोधा, १९३१ ते १९९० शहराचं नाव ते होतं. या नावाच्या काळातलं एक प्रकरण मन घट्ट करून वाचा. १९४० च्या वसंतात ओस्ताश्कोव्हच्या छावणीतले पोलिश कैदी, बहुतेक पोलीस आणि सीमारक्षक, सहा हजारांहून जास्त, या शहरात आणून सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या इमारतीच्या तळघरात एकेक करून गोळी घालून मारले आणि मेद्नोये गावाजवळ पुरले. त्या इमारतीत नंतर मेडिकल कॉलेज आलं. तेच आजचं मेडिकल विद्यापीठ, जिथे आपल्याकडची मुलं डॉक्टर व्हायला जातात. भिंतीवर या लोकांच्या आठवणीच्या पाट्या होत्या, २०२० मध्ये काढल्या. म्हणून शोधायला गेलात तर तिथे काही दिसणार नाही, वाचूनच जावं लागतं. मुलगा-मुलगी तिथे शिकत असेल तर त्यांनाही सांगा, ज्या दारातून रोज जातो त्या दाराची माहिती माणसाला असावी. मेद्नोयेचं स्मारक तोर्झोकच्या रस्त्यावर, शहरापासून तीसेक किलोमीटर, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये शहर घेतलं आणि १६ डिसेंबरला ते परत मिळालं, त्याचा उंच ओबेलिस्क त्माका जिथे व्होल्गाला मिळते तिथे आहे.

खाण्याची काळजी करू नका. स्तलोवाया म्हणजे त्यांची खानावळ, समोर मांडलेलं दाखवून घ्यायचं. ‘बिझ म्यासा’ म्हणजे मांस नको, हे पाठ करा, पण सूपमध्ये मटणाचं पाणी असू शकतं म्हणून कडक शाकाहारी असाल तर सूप सोडा, ग्रेच्का म्हणजे कुट्टूचे शिजवलेले दाणे, कोबीचे पिरोश्की म्हणजे सारण भरलेले पाव, पनीरसारख्या त्वारोगचे ब्लिनी म्हणजे पातळ धिरडी, यावर पोट भरतं. मेतकूट आणि लोणचं मात्र बॅगेत टाका.

शेवटची संध्याकाळ घाटासाठी राखून ठेवा. १९०० सालच्या जुन्या लोखंडी पुलावरून चालत पलीकडे गेलात की निकितिनचा पुतळा, १९५५ चा, नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा आणि नाळेच्या टोकाला घोड्याचं डोकं. खाली कोरलंय की हा माणूस मैत्रीच्या हेतूने भारतात गेला होता. शिवनेरीचा प्रिंट केलेला फोटो इथे बॅगेतून बाहेर काढा, आजूबाजूला फिरायला आलेले आजी-आजोबा विचारतात, मी मोडक्या रशियनमध्ये जुन्नर म्हटलं तर एका आजींनी लगेच ‘चुनेर’ म्हणून दुरुस्त केलं, कारण त्याने तसं लिहिलंय. तो परत येताना दाभोळहून जहाजात बसला, एवढे समुद्र ओलांडले आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला, त्वेरला पोचलाच नाही. पुलाकडे येताना वाटेत फुलांचं दुकान लागलं तर तिथूनच फुलं घ्या, आणि मोजून सम घ्या, दोन किंवा चार, कारण तिकडे विषम फुलं जिवंत माणसाला देतात आणि गेलेल्यासाठी सम. मेद्नोयेला नेतानाही तसंच.