चार्जरचा लाल दिवा आणि सोसायटीचं अर्थिंग

पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक घेतली तेव्हा धास्ती रेंजची होती. गाडं अडलं मात्र कोथरूडच्या आमच्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. १५ अँपियरच्या सॉकेटला चार्जर लावला की लाल दिवा, चार्जिंग बंद. सर्व्हिसवाले म्हणाले, चार्जर बदला. ओळखीच्या वायरमनने आधी मल्टीमीटर लावला. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (गळणारी वीज जमिनीत नेणारी तार) यांच्यात जवळपास शून्य हवं, तिथे चक्क ७० व्होल्ट! "साहेब, अर्थिंग नावालाच आहे हो."

फ्रिज, मिक्सर अशा अर्थिंगवर बिनबोभाट चालतात. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो. ते धड नसेल तर वीज घेतच नाही. बरंच आहे म्हणा, पावसात ओल्या गाडीला हात आपणच लावतो.

मग पार्किंगच्या कडेला अर्थिंगसाठी नवा खड्डा घेतला: तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ. माझ्या मीटरपासून सॉकेटपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच). खोदाईपेक्षा कमिटीची परवानगी मिळवणंच जास्त किचकट. "खर्च माझा, बिल माझ्या मीटरवर" हे लेखी दिल्यावर सही झाली. आता न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत आहे. रात्री लावली की ३० युनिटची बॅटरी सकाळपर्यंत भरते. एप्रिल-मेमध्ये माती वाळून अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततो.