भीमाशंकरच्या रानात वाटाड्यासोबत वन्यजीव कसे पाहावेत

पुण्याहून पहाटे निघाले, तर साधारण साडेतीन तासांत भीमाशंकरला पोहोचता येते. बहुतेक जण ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतात, पायऱ्या चढून वर येतात आणि दुपारच्या जेवणाला घोडेगाव किंवा मंचर गाठतात. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना जे रान आहे, ते १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले असून महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू (झाडांवर राहणारी मोठी खार) याच रानात राहतो. हे रान पायी आणि स्थानिक वाटाड्याच्या मागे चालत कसे पाहावे, हे या लेखात सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. ताडोब्यासारख्या ठिकाणी गाडीत बसून उघड्या माळावरचा प्राणी पाहण्याची जी सवय होते, ती येथे उपयोगी पडत नाही. हे निमसदाहरित जंगल आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, उंबर यांचे शेंडे वर एकमेकांत गुंतलेले असतात, खाली कारवीची झुडपे दाटलेली असतात आणि नजर वीस-पंचवीस पावलांपलीकडे क्वचितच पोहोचते. येथे जो जास्त चालतो त्याला कमी दिसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही बारा जण होतो. तीन तासांत आठ किलोमीटर चाललो आणि वानरांच्या एका टोळीखेरीज काहीही पाहिले नाही. निघताना वाटाडे मामा एवढेच म्हणाले, “पुन्हा या, पण तिघं-चौघंच या. आणि बसायची तयारी ठेवून या.” त्यांचे ऐकून पुढच्या खेपेस तिघे गेलो, तीन तासांत जेमतेम दोन किलोमीटर चाललो आणि चार शेकरू, एक भेकर व सर्पगरुडाची जोडी पाहिली.

ऋतू आणि दिवस ठरवणे

नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा असतो. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो आणि दिवसभर धुके असते. हिरवाई डोळ्यांत मावत नाही हे खरे, पण प्राणी दिसणे अवघड होते आणि शेवाळलेल्या कातळावर पाय टिकत नाही. माझी स्वतःची पसंती फेब्रुवारीच्या शेवटाला आणि मार्चला आहे. पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, पाने थोडी विरळ झालेली असतात आणि वर हलणारे काहीही चटकन नजरेत येते.

श्रावण, महाशिवरात्र, सोमवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. मंगळवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस मिळाला तर उत्तम. कर्जतच्या बाजूने खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने चढून येणे हा दमसासाचा बेत आहे. त्याच दिवशी वन्यजीव पाहण्याचा विचार करू नये.

पुण्याहून जाण्यासाठी दोन रस्ते आहेत. नाशिक महामार्गाने मंचरपर्यंत जाऊन घोडेगाव, डिंभे धरण असा एक, आणि राजगुरुनगरहून चास, वाड्याच्या बाजूने दुसरा. एसटीनेही जाता येते, परंतु रानात सूर्योदयाच्या सुमारास शिरायचे असल्यामुळे आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्काम करणे सोयीचे पडते.

परवानगी आणि वाटाड्या

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. निघण्याच्या आठवडाभर आधी पुण्याच्या वन्यजीव विभागाकडे चौकशी करावी, कारण वणव्याच्या दिवसांत, अतिवृष्टीत किंवा बांधकामाच्या कामासाठी काही वाटा बंद ठेवल्या जातात. कोणती वाट खुली आहे, शुल्क किती, कॅमेऱ्यासाठी वेगळे पैसे पडतात का आणि किती वाजेपर्यंत बाहेर पडावे लागते, हे चार प्रश्न त्याच वेळी विचारून घ्यावेत. पावती परत येईपर्यंत खिशात ठेवावी.

वाटाड्या कसा निवडावा, यावर पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो. पुण्या-मुंबईहून येणारे समूहनेते अनेकदा उत्साही आणि अभ्यासू असतात, तरीही माझा आग्रह गावातल्या माणसाचाच राहील. या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे महादेव कोळी समाजाचे लोक दर उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करण्यासाठी रान पालथे घालतात. कोणत्या हिरड्याला यंदा फळ धरले, कोणत्या उंबरावर धनेश येतो, कोणत्या पाणवठ्यावर सांबर उतरते, हे त्यांना रोजच्या कामातून माहीत असते. वनखात्याच्या कार्यालयात किंवा मुक्कामाच्या घरी विचारल्यास अशी माणसे भेटतात.

बोलणी आदल्या दिवशीच स्पष्ट करावीत: किती वाजता निघायचे, किती तास, किती माणसे आणि किती पैसे. “आम्हाला लांब जायचं नाही, शांतपणे बघायचं आहे,” असे आवर्जून सांगावे, कारण पाहुण्यांना नागफणी, गुप्त भीमाशंकर, कोकणकडा असे सगळे दाखवायचे असते, अशी वाटाड्यांची समजूत येणाऱ्यांनीच करून दिलेली आहे. ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नये. वाटाड्याच्या न्याहारीची सोय आपल्या शिदोरीतच धरावी.

सराव आणि सामान

दुर्बीण ८ बाय ४२ मापाची घ्यावी. यातला पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दाट सावलीत मोठे भिंग जास्त प्रकाश घेते. दहा किंवा बारा पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि तिच्यातून दिसणारा भागही लहान असतो, त्यामुळे फांद्यांच्या गर्दीत हवा तो प्राणी सापडत नाही.

दुर्बीण लावण्याचा सराव पुण्यातच करावा. वेताळ टेकडीवर दोन-तीन रविवारी सकाळी लवकर जावे, झाडावरचा एखादा तांबट किंवा बुलबुल आधी नुसत्या डोळ्यांनी हेरावा आणि नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणावी. नवशिक्याची चूक येथेच होते: तो खाली पाहून दुर्बीण उचलतो आणि मग पक्षी शोधत बसतो. पन्नास वेळा केले की हात बसतो.

कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे आणि आवाज न करणारे असावेत. सळसळणारी रेनकोटची जाकिटे पाठपिशवीत ठेवावीत. अत्तर, सुगंधी तेल काहीही लावू नये. बुटांना चांगली पकड हवी. माणशी दोन लिटर पाणी, दशमी किंवा गूळपोळीसारखे न सांडणारे खाणे, शिट्टी, बॅटरी, मलमपट्टी, वही आणि पेन्सिल एवढे पुरते.

रानात शिरल्यावर

उजाडताच निघावे. वाटाडे पुढे, त्यांच्यामागे आपण एका रांगेत आणि दोघांमध्ये तीन-चार पावलांचे अंतर, अशी चाल ठेवावी. पाय आधी टेकवून मग भार द्यावा, म्हणजे वाळक्या पानांचा चुरचुर आवाज कमी होतो. बोलायचेच झाले तर हळू आवाजात बोलावे आणि हात उंचावून दाखवण्याऐवजी “त्या वाकड्या जांभळाच्या डाव्या फांदीवर” असे शब्दांत सांगावे.

दर शंभर-दीडशे पावलांनंतर थांबावे आणि किमान दहा मिनिटे हलू नये. पहिली दोन-तीन मिनिटे रान गप्प असते. मग एखादा टकाचोर बोलतो, तांबटाची ठोक-ठोक सुरू होते, ओढ्याच्या बाजूने शीळकरी कस्तुर माणसाने घातल्यासारखी लांब, भटकती शीळ घालतो, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला झाडांचे शेंडे हलू लागतात. हे दहा मिनिटांचे थांबणे या साऱ्या मार्गदर्शनाचा गाभा आहे. सोबत्यांना कंटाळा येईल या भीतीने ते तोडू नये.

कानांवर अधिक विश्वास ठेवावा. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. वानरांच्या टोळीतला टेहळणी करणारा नर खेकसला आणि बाकीची सगळी एकाच दिशेला पाहू लागली, तर त्या दिशेला बिबट्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी वाटाडे थांबतात. आपणही जागच्या जागी थांबावे.

शेकरू शोधणे

नवखा माणूस शेकरूसाठी सतत वर पाहत चालतो, त्याने मान अवघडते आणि हाती काही लागत नाही. दुसऱ्या खेपेस मामांनी मला एका झाडाखाली उकिडवे बसवले आणि म्हणाले, “आधी खाली बघा.” जमिनीवर सात-आठ हिरवी फळे पडली होती. एका बाजूने कुरतडलेली, कुरतडलेला भाग अजून ओला आणि पांढरट, त्यावर मुंगीसुद्धा चढलेली नव्हती. शेजारी देठासकट तुटलेली तीन ताजी पाने होती. “अजून काळं पडलं नाही,” मामा म्हणाले. फळ कुरतडून थोडा वेळ झाला की तो भाग काळवंडतो. तेव्हा नजर सरळ वर नेली, आणि मागच्या पायांनी फांदीला धरून उलटे लटकलेले शेकरू पुढच्या दोन पायांत फळ फिरवून खाताना दिसले. लांब झुपकेदार शेपूट तोल सांभाळत दुसऱ्या बाजूला लोंबत होती.

शोधण्याचा क्रम हाच ठेवावा: आधी जमीन, मग आवाज, मग घरटे. शेकरू दिवसा वावरणारा प्राणी असून सकाळी आणि दुपार टळल्यावर अधिक हिंडतो. त्याची आरोळी कर्कश आणि खडखडल्यासारखी असते. काटक्या आणि पाने वापरून तो गोलसर मोठे घरटे बांधतो, तेही जड शिकारी पोहोचू नये म्हणून उंच झाडाच्या बारीक फांद्यांवर. आणि एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. त्यामुळे घरटे दिसले म्हणजे शेकरू आतच आहे असे नाही. धोका वाटला तर तो अनेकदा पळत नाही, फांदीला चिकटून निश्चल पडून राहतो. तसे दिसल्यास आपण फार जवळ गेलो आहोत हे ओळखून मागे सरावे.

देवळाच्या परिसरात लोक माकडांना बिस्किटे, शेंगदाणे देतात आणि शेकरू दिसले तर त्यालाही देऊ पाहतात. ते कधीही करू नये. शेंड्यावरून शेंड्यावर सहज उडी घेणारा प्राणी अशा खाण्यापायी जमिनीवर उतरू लागला, की तो कुत्र्यांच्या आणि गाड्यांच्या तावडीत सापडतो.

जमिनीवरच्या खुणा

थांबण्याच्या मधल्या चालीत वाटेची माती वाचावी. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात ती उमटतात. नांगरल्यासारखी उकरलेली जमीन रानडुकरांची. दगडावर बियांनी भरलेली विष्ठा बहुधा उदमांजराची. साळिंदराचा काटा सापडला तर पाहून तिथेच ठेवावा. वन्यप्राण्यांचे अवशेष घरी नेणे कायद्याने गुन्हा आहे.

वाट एखाद्या देवराईतून जात असेल, तर पुढे कसे वागायचे ते वाटाड्यांना विचारावे. आहुप्याच्या बाजूला अशी देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या रानातून वाळकी काडीसुद्धा उचलत नाहीत, आणि तेथील प्रचंड झाडे व वेल त्यामुळेच टिकले आहेत.

धोके

बिबट्याची भीती सगळ्यांना असते, परंतु माझ्या मते त्याहून अधिक काळजी आग्या मोहळाची घ्यावी. कड्यांच्या कपारींत आणि उंच झाडांवर ही पोळी असतात, आणि धूर, अत्तर किंवा गोंगाट यांनी माश्या उठतात. त्या उठल्याच, तर तोंड-डोके कापडाने झाकून त्या जागेपासून लांब पळावे. आडवे पडू नये, हातवारे करू नयेत. बिबट्या समोर आला तर मात्र पळायचे नाही. उभे राहावे, मुलांना जवळ घ्यावे, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे.

झुडपांना धरून चढू-उतरू नये. हिरवा चापडा हा विषारी साप कंबरेच्या उंचीच्या फांदीवर पानांत मिसळून तासन्‌तास बसलेला असतो. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता माणसाला धीर द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लवकरात लवकर रुग्णालय गाठावे. रानात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून ती कोठे मिळते हे वाटाड्यांना सकाळीच विचारून ठेवावे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गवत वाळते. काडेपेटी, विडी, सिगारेट सोबत नेऊच नये. वनखाते दरवर्षी जाळरेषा, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, काढते ती वणवा अडवण्यासाठी, पण एका ठिणगीने ती ओलांडली जाऊ शकते.

परत आल्यावर

रानाबाहेर येताच, चहा सांगण्याआधी, वही भरावी. तारीख, वेळ, ढग की ऊन, कोणत्या झाडावर काय दिसले, काय ऐकले आणि काय ओळखता आले नाही, एवढे लिहावे. घरट्यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

पुढच्या खेपेस ती वही वाटाड्यांसमोर उघडावी. गेल्या फाल्गुनात मी मामांना आदल्या वर्षीची नोंद वाचून दाखवली: ओढ्याकाठचे जांभूळ, दुसरी बेचकी, एक घरटे. त्यांनी ऐकून घेतले, मला त्या झाडाखाली नेले आणि सांगितले की ते घरटे आषाढातल्या वाऱ्यात गेले, त्याच झाडावर दोन फांद्या वर नवे बांधले आहे, आणि आता अर्धा तास गप्प बसा.