बोटीत बसण्याआधी जॅकेट ओढून पाहा

रामटेकजवळचा खिंडसी तलाव असो की गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध, बोटीत बसताना लाइफ जॅकेट हातात पडतं आणि बरेच जण ते नुसतं अंगात अडकवून फोटो काढायला लागतात. बकल उघडंच. पाण्यात पडल्यावर असं जॅकेट वर तरंगतं, माणूस खालून निसटतो.

तपासायची रीत सोपी आहे. सगळी बकलं लावा, पट्टे ओढून घ्या, मग दोन्ही हात सरळ वर करा आणि सोबतच्याला खांद्यापाशी धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, लहान मागा. लेकरांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. त्यांच्या मापाचं, दोन पायांमधून पट्टा येणारं मिळालं तरच बसवा, नाही तर काठावर बसून चिवडा खाल्लेला बरा. आतला फोम दाबल्यावर दबलेलाच राहत असेल तर तेही परत करा.

उन्हाळ्यात सकाळीच जा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर कधी कधी अचानक आभाळ भरून येतं, वारा सुटतो. गडगडाट ऐकू आला की फेरी अर्धवट सोडून काठ गाठायचा, पैसे गेले तरी.

ढिवरांचा म्हणजे मासेमारांचा डोंगा (छोटी होडी) मौजेसाठी मागू नका. अरुंद असतो, एक जण उभा झाला की कलंडतो. आणि बोट उलटलीच तर पोहत काठाकडे निघू नका. उलटी बोटही बहुधा तरंगत राहते, तिलाच धरून मदतीसाठी हाका मारा.