भाव, काम आणि वेग : समप्रमाणाची उदाहरणे कशी सोडवावीत

राज्य मंडळाच्या पुस्तकांत सहावीला गुणोत्तर-प्रमाण, सातवीला समप्रमाण व व्यस्तप्रमाण आणि आठवीला चलन अशा क्रमाने येणाऱ्या या विषयात मुले गुणाकार-भागाकारापाशी सहसा अडत नाहीत. कशाला कशाने गुणायचे, हे ठरवताना अडतात. म्हणून उदाहरण वाचल्याबरोबर तिरकस गुणाकाराला हात न घालता, दोन राशी बदलत असताना त्यांच्यातले काय कायम राहते, हा प्रश्न आधी विचारावा.

त्यासाठी दोन ओळींचे कोष्टक पुरते. समजा, ७ किलो कांद्याची किंमत १६८ रुपये आहे आणि १२ किलोची किंमत काढायची आहे. वरच्या ओळीत वजन व खालच्या ओळीत किंमत लिहून खालच्या संख्येला वरच्या संख्येने भागले, की २४ मिळतात. वजन दुप्पट केले तर किंमत दुप्पट होते, निम्मे केले तर निम्मी होते, आणि भागाकार प्रत्येक वेळी २४ च राहतो. असा भागाकार कायम राहिला तर त्या राशी समप्रमाणात आहेत असे म्हणावे. आठवीत ज्याला चलनाचा स्थिरांक म्हणतात, तो हाच २४. यापुढे १२ × २४ = २८८ रुपये एवढेच काम उरते.

समप्रमाण ओळखण्याची याहून झटपट कसोटी म्हणजे शून्य. शून्य किलो कांद्याला शून्य रुपये पडतात, म्हणूनच या संबंधाचा आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा असतो. विजेच्या बिलाला ही कसोटी लावून पाहावी. स्थिर आकार १२० रुपये आणि दर युनिटला ५ रुपये धरले, तर १०० युनिटांचे बिल ६२० रुपये होते, पण २०० युनिटांचे १,२४० न होता १,१२० रुपये होते. येथे दर स्थिर असूनही समप्रमाण नाही, कारण एकही युनिट न वापरता १२० रुपये लागतातच. बिल ८७० रुपये आले असता युनिटे किती, असे विचारल्यास आधी स्थिर आकार वजा करून उरलेल्या ७५० ला ५ ने भागावे. उत्तर १५० युनिटे. स्थिर दर आणि समप्रमाण या दोन गोष्टी एकच आहेत असे मानल्यामुळे जेवढे गुण जातात, तेवढे आकडेमोडीतल्या चुकांनी जात नसावेत.

वयाच्या उदाहरणातही भागाकार कायम राहत नाही. मुलगा १२ वर्षांचा व आई ३६ वर्षांची असेल, तर मुलगा २४ वर्षांचा होईल तेव्हा आई ४८ वर्षांची असेल, ७२ ची नव्हे. तेथे कायम राहतो तो फरक.

मजुरांच्या उदाहरणांत गुणाकार कायम राहतो, म्हणजे त्या राशी व्यस्त प्रमाणात असतात. १२ मजूर एक काम १५ दिवसांत करत असतील, तर ते काम १८० मजूर-दिवसांचे आहे, आणि २० मजुरांना त्यासाठी ९ दिवस लागतील. मजूर वाढले की दिवस कमी झाले पाहिजेत, एवढे भान ठेवले तर उत्तर २५ दिवस आल्याबरोबर चूक ध्यानात येते. शिष्यवृत्तीच्या सरावात हेच उदाहरण थोडे फिरवून येते : ५ दिवसांनंतर आणखी ८ मजूर आले, तर काम एकूण किती दिवसांत संपेल? पहिल्या ५ दिवसांत १२ × ५ = ६० मजूर-दिवसांचे काम झाले व १२० चे उरले; आता मजूर २० असल्याने उरलेल्या कामाला ६ दिवस आणि एकूण ११ दिवस लागतील. नवे सूत्र शोधावे लागत नाही. एकूण काम किती, झाले किती आणि उरले किती, एवढा हिशोब नीट मांडला की पुरे. अर्थात सर्व मजुरांच्या कामाचा वेग सारखा आहे, हे अशा उदाहरणांत गृहीतच धरलेले असते.

मांडणीसाठी एकमान पद्धत, म्हणजे आधी एका वस्तूची किंमत काढून मग हव्या तितक्या वस्तूंची काढणे, ही सुरुवातीला सर्वांत सुरक्षित. अपूर्णांक आले, की त्रैराशिक, म्हणजे तीन राशींवरून चौथी काढण्याची रीत, सोयीचे पडते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत त्याच्या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या असल्या पाहिजेत, आणि फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की उत्तर मिळते. त्यातलेच एक उदाहरण असे : ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळते, तर ९ निष्कांना किती? (निष्क हे जुने नाणे, पल हे जुने वजन.) प्रमाण ३/७, फल २.५ आणि इच्छा ९; म्हणून २.५ × ९ × ७ ÷ ३ = ५२.५ पल. येथे एका निष्काचे केशर आधी काढत बसले, तर ३५/६ असा अपूर्णांक अधेमधे सांभाळावा लागतो. व्यस्त प्रमाणात मात्र ही क्रिया उलटते : फलाला प्रमाणाने गुणून इच्छेने भागावे.

एकाच जातीच्या राशी असण्याची ही अट एककांनाही लागू आहे. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलवर सांगतात, घरी खरेदी किलोवर होते. भाव क्विंटलला १,८५० रुपये असेल, तर १ क्विंटल म्हणजे १०० किलो हे आधी लिहावे, मग ३६ किलोचे १८.५० × ३६ = ६६६ रुपये होतात. वेगाचेही तसेच आहे. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ ने गुणतात, कारण १००० मीटरला ३६०० सेकंदांनी भागले की तेवढेच उरते. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाने १५० मीटर लांबीची आगगाडी खांब १० सेकंदांत ओलांडते. ३०० मीटर लांबीचा फलाट ओलांडताना मात्र तिला स्वतःच्या लांबीसह ४५० मीटर जावे लागते, म्हणून ३० सेकंद लागतात.

जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर वेग असल्यास सरासरी वेग ५० सांगण्याचा मोह आवरावा. एका बाजूचे अंतर १२० किलोमीटर मानले, तर जायला २ तास व यायला ३ तास लागतात, आणि २४० किलोमीटरना ५ तासांनी भागून सरासरी ताशी ४८ येते. अंतर १२० ऐवजी ६० मानले तरी उत्तर हेच येते. विद्यार्थ्याने ते स्वतः करून पाहावे. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास केला असता, तरच ५० बरोबर ठरले असते.