अ‍ॅप पूर्ण होण्याआधीच परीक्षक जमवा
एकट्याने अँड्रॉइड अ‍ॅप तयार करणाऱ्याचे वेळापत्रक अनेकदा कोडमुळे नव्हे, तर गूगल प्लेच्या एका अटीमुळे कोलमडते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी मर्यादित गटात चाचणी घ्यावी लागते आणि तीत किमान १२ परीक्षक (म्हणजे अ‍ॅप वापरून पाहणारे टेस्टर) सलग १४ दिवस सहभागी असावे लागतात. पूर्वी ही संख्या २० होती. कोणी ना कोणी मध्येच गळतोच, म्हणून अठरा-वीस जणांना आधीच विचारून ठेवावे. केवळ आकडा भरण्यासाठी नातेवाइकांचे ईमेल पत्ते गोळा करण्याचा मोह होतो, परंतु चाचणीनंतर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागणाऱ्या अर्जात परीक्षकांनी काय अभिप्राय दिला आणि त्यानुसार अ‍ॅपमध्ये काय बदलले, हे विचारले जाते. त्यामुळे किराणा दुकानाच्या उधारीचे अ‍ॅप असेल, तर यादीत निदान चार-पाच दुकानदार हवेतच. अर्जाच्या तपासणीसाठी आणखी आठवडाभर हाताशी ठेवावा. संस्थेच्या नावाने उघडलेल्या खात्याला ही अट लागू नाही, मात्र त्यासाठी डी-यू-एन-एस क्रमांक (डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी देते तो व्यवसायाचा ओळख क्रमांक) मिळवावा लागतो.