लाल भोपळ्याचा हलका केक

केक हलका करायचा म्हटलं की आधी गुळाचा डबा उघडला जातो. तो बंद करा. गूळ काय, साखर काय, ग्रॅममागे जवळपास 4 कॅलरी. मैदा आणि कणकेतही तसा फरक नाही, कणकेचा फायदा कोंड्यापुरता. खरा भार बटरचा: 100 ग्रॅममध्ये सुमारे 720 कॅलरी. लाल भोपळ्याच्या तेवढ्याच गरात जेमतेम 30. म्हणून बटरऐवजी हा गर घालायचा. महागड्या ॲपल प्युरीमागे न लागता मंडईतून पाव किलोची फोड आणा.

7 इंची टिनसाठी: मैदा 90 ग्रॅम, कणीक 90 ग्रॅम, पिठीसाखर 110 ग्रॅम (एरवी 150 लागते), ताजं दही 150 ग्रॅम, भोपळ्याचा गर 100 ग्रॅम, तेल 2 मोठे चमचे, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, जायफळ.

सगळं यश गरावर आहे. घारग्यांना भोपळ्याचं पाणी चालून जातं, कारण पीठ त्या अंदाजानं घालतो. केकमध्ये ते तळाशी बसतं आणि खालचा थर खरवसासारखा चिकट होतो. म्हणून फोडी डब्यात पाणी न घालता कुकरला वाफवा, चाळणीत पंधरा मिनिटं निथळा, मग घोटा. चमच्यावर घेतलेला गर ढिगासारखा उभा राहिला पाहिजे. कडेनं पाणी सुटत असेल तर कढईत परतून आटवा आणि पूर्ण गार करा.

दही, साखर, तेल आणि गर एकत्र फेटा. कोरडं साहित्य दोनदा चाळून त्यात घाला आणि आता हात आवरा. बटर पिठाच्या कणांवर थर धरून ग्लुटेनला, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाला, अडवतं. इथे ते नाही, त्यामुळे जास्त घोटलं की केक रबरासारखा चिवट होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा किंचित दाट हवं. गिरणीची कणीक जास्त पाणी पिते, तेव्हा घट्ट वाटल्यास चमचा-दोन चमचे दूध घाला. दही लागताच सोड्याचा वायू सुटू लागतो, म्हणून ओव्हन आधीच 170 अंशांवर तापलेला असू द्या.

वेळ 35 ते 40 मिनिटं, पण तिसाव्या मिनिटालाच सुरी घालून बघा. कमी तेलाचा केक पाच मिनिटं जास्त राहिला तरी कोरडा पडतो. सुरीला ओलसर कण चिकटले तर झाला. ओलं पीठ आलं तर अजून वेळ आहे. कुकरमध्ये करायचा तर शिटी आणि रिंग काढून, तळाशी मीठ आणि स्टँड ठेवून, मंद आचेवर 45 मिनिटं.

साखर याहून कमी करू नका. ती ओलावा धरते आणि वरचा रंगही तिचाच. निम्मी केली तर केक फिकट येतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा होतो. शुगर-फ्री गोळ्या गोडी देतील, पोत नाही; ॲस्पार्टेम असेल तर ओव्हनमध्ये गोडीही जाते.

दहा तुकडे केले तर बटरच्या केकचा तुकडा साधारण 200 कॅलरींचा, हा 145 च्या आसपास. वर क्रीम थापलंत तर हिशेब पुन्हा तिथेच. अगदीच हवं असेल तर चक्क्यात चमचाभर पिठीसाखर फेटून पातळ थर द्या, तोही खाण्याच्या वेळीच. हा केक ओलसर असतो, बाहेर एक दिवस, मग फ्रीजमध्ये.