पॅलिसेड्सचे ‘जायंट स्टेअर्स’: आधी उतरा, मग चढा

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ट्रेकसाठी लांब जायला नको. हडसन नदीच्या पश्चिम काठावरचे पॅलिसेड्सचे कडे न्यूयॉर्कला अगदी लागून आहेत. खडक डायबेस, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बेसाल्टचाच भाऊबंद, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा.

कड्यावरच्या स्टेट लाइन लुकआउट या ठिकाणी गाडी लावा. कड्यावरून जाणाऱ्या लाँग पाथच्या फिकट निळ्या खुणा धरून उत्तरेकडे निघा, पीनट लीप धबधब्यापाशी नदीकाठी उतरा आणि शोअर ट्रेलच्या पांढऱ्या खुणांनी दक्षिणेकडे वळा. पुढे दीडेक किलोमीटर कोसळलेल्या प्रचंड शिळांचा ढीग लागतो, तेच जायंट स्टेअर्स. पाय ताजे असतानाच तो पार करा, कारण पुढे नदीकाठच्या फॉरेस्ट व्ह्यू या जागेपासून पुन्हा कड्यावर येण्याची खडी चढण शेवटी उरतेच. नकाशावर वाट छोटी दिसते, तरी चार-पाच तास हाताशी ठेवा.

पाऊस पडून गेला असेल तर शिळांवर जाऊच नका, खरंच सांगते. हिवाळा सरताना तर नकोच. गोठणं-वितळणं चालू असलं की कड्यावरून दगड सुटतात. उन्हाळ्यात शिळांच्या फटीत न बघता हात घालू नका, तिथे कॉपरहेड हा विषारी साप असतो.